मायक्रोस्कोप पहिल्यांदा हातात आला तो परीक्षेतच

मैत्रिणींनो, आत्ताच बीडहून घरी आलेय. कुणाला तरी सांगायचंय.

आमच्या गावच्या शाळेत जीवशास्त्राच्या स्पर्धा परीक्षेची तयारी कुणी करून घेत नाही. वर्षभर मोबाइलवर व्हिडिओ बघून मी एकटीनंच अभ्यास केला. लेखी पास झाले. आज प्रात्यक्षिक होतं.

समोर मायक्रोस्कोप होता. चित्र कितीदा काढलेलं, पण हात आजच लावला. मी चुकीचा स्क्रू फिरवला अन् खालची काच तडकली.

"कधी वापरला नाही का गं?" परीक्षक मॅडमनी हळूच विचारलं.

बाहेर येते तोच ऊसतोडीवरून आईचा फोन.

"कसं झालं गं?"

"लई भारी, माय."

ती तिथूनच टोळीला ओरडली, "माझी पोरगी जिंकली बरं का!"

तिला खरं कसं सांगू?