तुसाच्या राखेचे तीन ठोकळे

रत्नागिरीला जायचं ते समुद्रासाठी, असा माझा बाणा. या वेळी मात्र मावसभाऊ दिनेशचा फोन आला, "ताई, गाडी घेऊन ये. ठोकळे लॅबमध्ये न्यायचेत." दिनेश मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला. भातगिरणीतलं तूस जाळून त्याची राख थोड्या सिमेंटच्या जागी घालायची आणि बांधकामाचे ब्लॉक पाडायचे, हा त्याचा नवा उद्योग. नमुन्याचे ठोकळे चाचणीत टिकले तर गावच्या अंगणवाडीला त्याचेच ब्लॉक लागणार. नाहीतर पुन्हा मुंबई. त्याच्या बायकोने तसं बजावूनच ठेवलं होतं.

पुण्याहून पहाटे निघून आंबा घाटाने उतरा. साखरप्याला गरम घावणे मिळाले, मी चार हाणले. हातखंब्याच्या अलीकडे महामार्गाचं काम चालू आहे, तेव्हा तासभर जास्तीचा धरूनच निघा.

दुसऱ्या दिवशी डिकीत गोणपाटात गुंडाळलेले तीन ठोकळे, आणि मागच्या सीटवर हट्टाने बसलेली मावशी. शहराकडे वळलो आणि ती सहज म्हणाली, "दिनू, तू चिपळूणला गेलेलास ना, तवा तुसाची रास मीच पेटवली हो. वर माती पण पसरली, भाजावळीला पसरतो तशी. नायतर राख उडते वाऱ्यानं."

पेरणीआधी शेतात पालापाचोळा भाजताना वर मातीचा थर देतात, तीच भाजावळ. मावशीचा जन्म त्यात गेला. पण सिमेंटमध्ये घालायच्या राखेत माती म्हणजे घातच, शिवाय कोंडलेलं तूस अर्धवट जळून काळं राहतं. दिनेशचा चेहरा उतरला.

"हे ठोकळे त्याच राखेचे?" मी हळूच विचारलं.

"हो."

"मग परत फिरूया?"

"परवा पंचायतीची बैठक आहे, ताई. नवे घातले तर महिनाभर पाण्यात ठेवायला लागतील. चल तू."

लॅबमध्ये पहिला ठोकळा यंत्राखाली गेला. काटा चढू लागला. खाडकन आवाज झाला आणि तिथल्या माणसाने नकारार्थी मान हलवली. दुसरा त्याहूनही कमी दाबाला फुटला. तिसऱ्याला दिनेश खिडकीबाहेर बघत राहिला.

"माझ्या मातीनं झालं काय रे?" मावशीने विचारलं.

"नाय गो आये. ठोकळे घालताना माझंच पाणी जास्त झालं."

मला मावशीचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. बाजारात सुरमईची थाळी मागवली, चांगली असते म्हणे. आमची तशीच परत गेली. भाट्याचा किनारा राहिला. तुम्ही मात्र संध्याकाळी जाच.

त्याच आठवड्यात दिनेश मुंबईला गेला. मी पुण्यात येऊन हे लिहायला घेतलं, पण प्रवास कसा झाला म्हणून सांगायचं तेच कळेना. काल मावशीचा फोन आला.

"बाय, तूस पुन्हा जाळलं मी. माती नाय घातली. राख पांढरी आलीय, पिंपात भरून ठेवलीय. दिनूला सांग, पाणी जास्त नव्हतं झालं, ठाव हाय मला. म्हणावं, परत ये."