प्रभावहिनींच्या त्रेपन्न रेघा

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं एक प्लास्टिकचं झाकण येतं. औषध संपलं की आपण बाटलीसकट ते फेकून देतो. चंद्रप्रभा मोहित्यांनी ते जपून ठेवलं. त्या झाकणानं त्या तेल मोजायच्या. तीन माणसांच्या भाजीला एक झाकण, आमटीच्या फोडणीला अर्धं. फोडणी तरी कसली, मोहरी बिचारी कढईत कोरडीच फिरायची आणि तडतडण्याआधीच जळायची. तिसऱ्या मजल्यावरून करपट वास आला की आम्हा शेजाऱ्यांना कळायचं, वहिनींच्या यजमानांचं, तात्यारावांचं, आरोग्य शिजतंय.

ही गोष्ट नोएडातली, सत्त्याण्णव सालची. त्याआधी वीस वर्षं मोहिते कुटुंब लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतं. तिथे तात्यारावांचं नाव त्यांच्या मंत्रालयातल्या फायलींपेक्षा रविवारच्या मटणामुळे जास्त गाजलेलं. कराडचा माणूस. सकाळी सातला पिशवी घेऊन आयएनए मार्केटात जायचे, खाटकाशी हिंदीत भांडायचे, चिडले की मराठीत यायचे आणि दीड किलो घेऊन गड जिंकल्यासारखे परतायचे. वहिनींच्या तांबड्या रश्श्याला शेजारचे बंगाली यायचे, वरचे तमिळ यायचे. समोरचं जैन कुटुंब तेवढं खिडक्या लावून घ्यायचं.

निवृत्ती जवळ आली म्हणून त्यांनी नोएडाच्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला. फ्लॅटची किल्ली आणि रक्ताचा रिपोर्ट एकाच आठवड्यात हातात पडला. साखर तीनशेच्या वर.

तात्याराव म्हणाले, "होते या वयात. मंत्रालयात निम्म्यांना आहे."

 वहिनींचे वडील साखरेनंच गेले होते. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय आणि मग वडील. हे सगळं त्यांनी वयाच्या सतराव्या वर्षी पाहिलं होतं. त्या रात्रीपासून तात्याराव झोपले की त्या पांघरूण वर करून त्यांची पावलं तपासायला लागल्या. ते पांघरूण म्हणजे खुद्द पानिपतहून आणलेली रजई. मराठी माणूस पानिपतहून काहीतरी मिळवून सुखरूप परत आला याचा तात्यारावांना मोठा अभिमान होता. पण मध्यरात्री कोणीतरी पायाची बोटं मोजतंय म्हटल्यावर त्या रजईतली ऊब गेली.

रविवारचं मटण बंद झालं. अंडी गेली, साखर गेली, बटाटा गेला, तांदूळ वाटीवर आला. तेव्हा नोएडात रोज एक नवं दुकान उघडायचं आणि प्रत्येक दुकानात तेलाच्या डब्यावर लाल बदाम काढलेला असायचा. हे तेल प्या आणि शंभर वर्षं जगा, अशा थाटाची जाहिरात टीव्हीवर लागायची. वहिनींचा त्या बदामावर विश्वास बसला नाही. त्यांचा विश्वास ज्वारीवर. पण दिल्लीकडे ज्वारी माणसं खात नाहीत. सेक्टरच्या चक्कीवाल्यानं पाच किलोची पिशवी पाहून विचारलं, "आंटी जी, गाय पाल ली क्या?"

"हां जी," वहिनी म्हणाल्या, "बैल है. सरकारी है."

मोड आलेली मटकी, मेथी, कुळथाचं पिठलं, कारली, पडवळ, कारली, दुधी आणि पुन्हा कारली. बारावीतली कृतिका दिल्लीतच वाढलेली. ती म्हणायची, "आई, हे पडवळ म्हणजे एक्झॅक्टली काय आहे? साप आहे का?"

"खा. बाबांसाठी खा."

"बाबांची शुगर माझ्या पोटात कशी कमी होणार यार?"

"सगळ्यांनी एकच खायचं. त्यांच्या पुढ्यात तू काही वेगळं खाल्लंस तर त्यांना वाटेल आपण आजारी आहोत."

"पण ते आजारी आहेतच ना!"

सेक्टरच्या डॉक्टरीणबाईंनी एक वही ठेवायला सांगितली होती. रोज काय काय खाल्लं, ते सगळं लिहायचं. वहिनींइतकी खरी वही भारत सरकारच्या कुठल्याही खात्यानं ठेवली नसेल. "सकाळी पावणेआठ. भाकरी दीड. मेथी एक वाटी. ताक, साय काढून. दुपारी डबा, कारलं, नको म्हणत होते." एकदा तात्यारावांनी कोणाच्या तरी बढतीचा पेढा चिमूटभर खाल्ला आणि घरी येऊन कबूल केलं, तर तीही चिमूट वहीत आली.

तरी साखर हलेना. मग श्रावणात वहिनींनी सोमवार धरले. नुसते स्वतः नव्हे, तात्यारावांनाही धरायला लावले. नवऱ्याचा पाय शाबूत राहू दे, एवढंच महादेवाकडे मागणं.

आता उपास म्हटल्यावर स्वयंपाकघराचे कायदे बदलतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या दिवशी झाकण फडताळात. साबुदाणा भिजायचा, दाण्याचं कूट मूठमूठ पडायचं, तूप तर देवाचंच, त्याला माप कसलं? घरातून हद्दपार झालेला बटाटा सोमवारी सन्मानानं परत यायचा. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. वहिनी त्या दिवशी हसायच्या, आग्रह करायच्या, "अहो, उपाशी माणसानं एवढं तरी खायलाच हवं," म्हणायच्या. तात्याराव आयुष्यात देवळाची पायरी कधी चढले नव्हते, ते एकाएकी परमभक्त झाले. रविवारी संध्याकाळपासून त्यांना उद्याच्या व्रताची ओढ लागायची. आम्हीही सोमवारी काहीतरी निमित्त काढून तिसऱ्या मजल्यावर जायचो. तसा साबुदाण्याचा वडा दिल्लीत दुसरीकडे मिळत नव्हता.

आणि वहीत? सोमवारच्या जागी वहिनी पट्टीनं एक सरळ रेघ मारायच्या. बस. लबाडी त्यांच्या रक्तात नव्हती. त्यांच्या आईनं, आजीनं, सगळ्यांनीच असंच धरलेलं: उपास म्हणजे जेवण नाही. आणि जेवणच नाही तर लिहायचं काय?

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "ये लाइन क्या है?"

"व्रत है जी."

डॉक्टरीणबाई पंजाबी, बिचाऱ्यांच्या घरी व्रत म्हणजे दिवसभर पाणीही नाही आणि चंद्र उगवला की घास. त्या घाबरल्या. "उस दिन सुबह की गोली बिल्कुल मत देना. खाली पेट गोली देंगी तो शुगर एकदम गिर जाएगी, बेहोश हो जाएँगे."

वहिनींनी हेही अक्षरशः पाळलं. सोमवारी गोळी बंद. श्रावण संपला, तरी सोमवार चालूच राहिले.

पुढच्या महिन्यात साखर वाढली. वहिनींना वाटलं, महादेव एकटा पडतोय. त्यांनी गुरुवार धरला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी वाढली. मग चतुर्थी आली, मग दोन्ही एकादश्या. तात्याराव भक्तिभावानं म्हणाले, "प्रदोषही करून बघायचा का?"

डॉक्टरीणबाईंना संशय आला, साहेब बाहेर खातात. त्यांनी तसं तोंडावर म्हटलं. घरी आल्यावर वहिनींनी तात्यारावांचे खिसे उलटे केले. कृतिकाला सांगितलं, "बाबा ऑफिसातून आले की जवळ जाऊन वास घे. समोसा कळतो."

"आई, मी पोलिसांचा डॉग आहे का?"

एक दिवस तर वहिनी तात्यारावांच्या चार्टर्ड बसच्या मागून ब्लू लाइनची खासगी बस पकडून थेट मंत्रालयाच्या लॉनवर गेल्या. झाडामागे उभ्या राहिल्या. दीड वाजता तात्याराव आले, हिवाळ्याच्या उन्हात बसले आणि डबा उघडला. शेजारी तिघे छोले-भटुरे हाणत होते. त्यातल्या एकानं ताट पुढे केलं. तात्यारावांनी हात जोडले आणि कारल्याचा एक एक तुकडा, डोळे मिटून, औषधासारखा गिळत पूर्ण डबा संपवला. मग रुमालानं पुसून, झाकण लावून पिशवीत ठेवला.

परतीच्या बसमध्ये वहिनी सगळ्यांसमोर रडल्या. नवरा चोर निघाला असता तर बरं झालं असतं. चोराला पकडता येतं. हा माणूस तर सगळं ऐकत होता, आणि तरी साखर चढत होती. मग चुकतंय कुठे? त्यांच्या हातात? त्यांच्या स्वयंपाकात? त्यांनी तेलाचं झाकण अर्ध्यावर आणलं.

फेब्रुवारीत तात्यारावांनी नव्या बाजारातून बूट घेतले. सकाळी फिरायला जायचे, डॉक्टरांनीच सांगितलेलं. बूट डाव्या पायाला चावला. त्यांना कळलंही नाही, पायाची जाण कधीच कमी झालेली. जखम पाहिली ती वहिनींनी, रात्री, पांघरूण वर करून. दोन बोटांच्या बेचक्यात दडलेली, आधीच्या रात्रींना नजरेतून सुटलेली. पिवळी कड, काळा मध्य. त्या किंचाळल्या नाहीत. तिथेच फरशीवर बसल्या आणि पाऊल मांडीवर घेऊन सकाळ होईपर्यंत बसून राहिल्या.

शुक्रवारी, डॉक्टरीणबाई जायच्या त्याच इस्पितळात भरती. सर्जन म्हणाले, साखर मंगळवारपर्यंत खाली आली तर जखम साफ करून भागेल. नाहीतर दोन बोटं जातील, आणि विष वर चढलं तर पाऊलही. इंजेक्शनं सुरू झाली. इस्पितळाच्या बेचव दलियावर शनिवारी साखर उतरली, रविवारी आणखी उतरली. वहिनींना वाटलं, देव पावला. आणि सोमवार आला. सोमवारी एकादशीही होती.

वहिनींनी पहाटे उठून डबा केला. आज दुहेरी उपास, आज देवाला काही कमी पडायला नको. दलिया आला तो त्यांनी परत पाठवला. डबा उघडला, वडा तात्यारावांच्या हातात दिला आणि राउंडवर आलेल्या डॉक्टरीणबाई पडद्याआडून आत आल्या.

"ये क्या है?"

"आज व्रत है जी इनका," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी डब्याचे चारही कप्पे काढून पलंगावर मांडले. एकेकाचं नाव विचारलं, एकेकात काय काय आहे ते विचारलं. वहिनी उत्साहानं सांगत होत्या. कृतिकाचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"वो जो लाइनें थीं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "उन सब दिनों में यही खाते थे?"

"यही. घर का है जी. तेल की एक बूँद नहीं, गाय का घी."

"और गोली?"

"आपने ही मना किया था."

डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. डॉक्टर पेशंटच्या पलंगावर बसतात तेव्हा नर्ससुद्धा थबकते. "हां," त्या म्हणाल्या. "मैंने ही मना किया था. मैंने पूछा ही नहीं."

वहिनींना अजून कळलं नव्हतं. कृतिकानं आईचा हात धरला. "आई, साबुदाणा म्हणजे सगळा स्टार्च असतो. बटाटा पण. म्हणजे त्या दिवशी बाबा डबल खात होते आणि गोळी झीरो."

"उपासाचं कधी बाधत नाही," वहिनी म्हणाल्या.  आणि मग त्यांनी तात्यारावांच्या हातातला अर्धा वडा काढून घेतला, इतक्या सावकाश, की जणू लहान मुलाच्या हातातली सुरी.

दुपारी त्यांनी कृतिकाकडून वही मागवली. रेघा मोजल्या. त्रेपन्न. आणि मग पहिल्या रेघेपासून लिहायला बसल्या. "खिचडी दोन वाट्या. कूट मूठभर. तूप तीन चमचे. वडे पाच." सगळं आठवत होतं. कोणाला काय वाढलं हे बाई विसरत नाही. चुकून एखादी वाटी कमी लिहिली तर खोडून पुन्हा लिहीत होत्या. कृतिका म्हणाली, "आता कशाला लिहितेस? डॉक्टरांना कळलं ना."

"मला कळायला पाहिजे."

संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी पेन्सिल न थांबवता विचारलं, "गोकुळाष्टमीच्या सोमवारी तुम्ही होता ना हो? यांनी किती वडे खाल्ले?"

"सहा," मी म्हटलं. माझे आठ झाले होते, ते मी सांगितलं नाही.

तात्याराव छताकडे बघत पडून होते. म्हणाले, "प्रभा, मला जरा वाटायचं, की हे जास्त होतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"उपासाच्या दिवशी तू झाकण घेऊन उभी नसायचीस. तेवढंच."

सोमवारची साखर पुन्हा चढली. मंगळवारी डाव्या पायाची दोन बोटं गेली. पाऊल राहिलं, सध्या तरी, असं सर्जन म्हणाले. त्या "सध्या तरी"वर वहिनी आठवडाभर जगल्या.

पुढच्या सोमवारी तात्याराव घरी होते. वहिनींनी मेथी केली, मटकीची उसळ केली, ज्वारीची एक भाकरी थापली. देवापुढे तेच पान ठेवलं, आणि देवाकडे न बघताच उचलून आणलं. गोळी दिली. इंजेक्शन दिलं. वही उघडून, तारीख घालून, पेन्सिल हातात घेऊन समोर बसल्या.

तात्याराव म्हणाले, "आज सोमवार ना?"

"असू दे."

"तुझं ताट?"

"मला नको. माझा आहे उपास." आणि या वेळी सकाळपासून त्यांनी खरोखरच पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं: भाकरी एक.

तात्यारावांनी भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढे सरकवली. "अर्धी लिही."

"मी एक वाढलीय."

"आता मी अर्धीच खाणार. उरलेली तू खाल्लीस तर कृतिकाला माझ्यासाठी आणखी अर्धी करायला सांगेन. नाही खाल्लीस तर मीही एवढ्यावरच उठणार. मग इंजेक्शन दिलंयस आणि पोट रिकामं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय, आठवतं ना?"

 वहिनींनी खोडरबर घेतलं, "एक" पुसून "अर्धी" लिहिलं, आणि एक घास मोडला.