प्रमिलाबाईंच्या खो-खोच्या मुली

आदरणीय प्रमिलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या अंगणात. मी सातवीत होते. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत त्या नुकत्याच खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या होत्या आणि मुलींचा खो-खो संघ उभा करायला घरोघर फिरत होत्या.

वडील म्हणाले, "बाई, पोरीची जात हाय. चार माणसांदेखत पळायचं म्हंजी कसं दिसंल?"

"लई चांगलं दिसंल, दादा. एकदा येऊन तर बघा!"

चहा संपला तरी बाई उठल्या नाहीत. होकार घेऊनच उठल्या.

संघात बौद्धवस्तीतली करुणा होती, दहावीतली. तिच्याइतकं चपळ कुणीच नव्हतं. येडशीला पहिल्या सामन्याला गेलो, तेव्हा जेवताना ती डबा घेऊन एकटीच बाजूला बसली. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहिताना आज मान खाली जाते. बाई उठल्या, तिच्याजवळ मांडी घालून बसल्या आणि तिच्या डब्यातली भाकरी मोडत म्हणाल्या, "ठेचा आईनं केलाय व्हय गं? झकास! या गं सगळ्या इकडं."

आम्ही गेलो. सामना हरलो, पण परतताना एसटीत करुणा माझ्या शेजारी बसली, ती कायमचीच.

पुढं करुणा पोलिसांत भरती होऊन पुण्याला गेली. माझी बारावी झाली आणि घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. बाई पुन्हा आमच्या अंगणात आल्या, सुटीवर आलेल्या करुणाला घेऊन. मला शारीरिक शिक्षण शिकायचं होतं, पण पुण्यात आमच्या नात्यातलं कोण होतं?

"काका, माझ्या खोलीवर राहील ती," करुणा म्हणाली.

वडिलांनी बाई आणि करुणासाठी शेजारी शेजारी पाट मांडले. मग आईला म्हणाले, "दोघींनाबी जेवायला वाढ."

आज मी मुरुमच्या शाळेत खेळ शिकवते. बाईंनी आम्हा जुन्या मुलींचा मोबाइलवर गट केला आहे. भरतीची जाहिरात, वसतिगृहातली रिकामी जागा, सगळं तिथं कळतं. गावाकडच्या पोरीला परक्या शहरात हक्काचं माणूस मिळतं, ते बाईंमुळे.

बाई निवृत्त झाल्या, मैदान मात्र सुटलं नाही. साठीच्या सत्काराचं विचारायला गेले, तर म्हणाल्या, "हारतुरे लवकर उरका. पाचला पोरींचा सराव हाय."

बाई, तुमचे गुडघे असेच साथ देवोत, आवाज असाच खणखणीत राहो. पंचाहत्तरीच्या सत्कारालाही तुम्हाला मैदानावरूनच ओढून आणायची पाळी आमच्यावर येवो!