नंबरापुढचं पी.पी.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये भगवंतच्या घरी फोन नव्हता. ही मंडळी खालच्या दुकानदार लधारामशेठचा नंबर सगळीकडे द्यायची आणि पुढे 'पी.पी.' लिहायची. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, माणसाला हाक मारून बोलवा. भगवंतला अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी लागली तीही अशीच. "भगवंत, जल्दी आ, कंपनीवाला लाइन पे है!" शेठ ओरडला आणि हे महाशय तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून धावले.

पुढे तो तिथल्या कॉम्प्युटर विभागात स्थिरावला. हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. सत्त्याण्णव साली कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस भरायचे होते. बोलावणं फोनवरूनच जायचं. पण अर्जांची माहिती कॉम्प्युटरवर टाइप करणारे शून्याच्या जागी इंग्रजी ओ मारून ठेवत. भगवंतने प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीतलं रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते तपासणारं सूत्र, वापरून एका ओळीत बंदोबस्त केला: नंबरात पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते आकडे हवेत, एक जरी अक्षर दिसलं तर अर्ज बाद. साहेबांनी पाठ थोपटली. स्वारी आठवडाभर हवेत होती.

धाकटी बहीण उमा पालेगावला दिलेली. नवऱ्याचं वर्कशॉप बसलं होतं, तिची बी.एस्सी. नुसतीच पडून होती आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी, म्हणून तिनेही अर्ज केला. वशिला लावायचा नाही असं तिने बजावलं होतं, म्हणून भगवंतनेही कुठे डोकावून पाहिलं नाही. शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर देऊन ती रोज तिथेच घुटमळत राहिली. जागा भरून गेल्या.

भाऊबीजेला ओवाळताना ती म्हणाली, "दादा, फोनच आला नाही रे. मार्क कमी पडले असतील माझे."

"नंबर कसा लिहिला होतास?" विचारतानाच भगवंतला आपली ती एक ओळ आठवली.

"कसा म्हणजे? पुढे पी.पी. लिहून. तूच नाही का शिकवलंस? ते विसरलीस तर तुला कोण बोलावणार, म्हणायचास."

त्याने सगळं सांगितलं. आपल्याला नोकरी देणारी ती दोन अक्षरं आपणच कशी विसरलो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उमा रागावली नाही. तिने तबक खाली ठेवलं आणि त्याला जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ बदलली. वर्षभरात खटपट करून उमाच्या घरी तिचा स्वतःचा फोन बसवून दिला, नुसत्या आकड्यांचा. तोवर तिचं वय अटीच्या पुढे गेलं होतं. त्या फोनवर बहुतेक वेळा भगवंतचाच फोन यायचा.