बाटलीतला तुकडा

मुलीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुने टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा उग्र वास आला आणि आईची दुर्बिणीची तपासणी आठवली. कर्करोगाच्या शंकेने डॉक्टरांनी तिच्या जठराचा तुकडा काढला होता आणि तो लॅबमध्ये पोचवायचं काम नेहमीप्रमाणे नातेवाइकांचं, म्हणजे माझं. तुकड्याची बाटली मिळेपर्यंत लॅब बंद झाली होती, म्हणून ती रात्रभर जपून सकाळी रिक्षाने स्वारगेटच्या लॅबमध्ये नेली. काउंटरवरच्या बाईंनी झाकण उघडून हुंगलं आणि त्या म्हणाल्या, "अहो, यात फॉर्मॅलिन नाही, नुसतं सलाईन आहे. तुकडा खराब झाला. दुसरा आणा." दुसरा! जणू कोथिंबिरीची जुडीच! हॉस्पिटलला फोन केला, तर नर्स शांतपणे म्हणाली, "फॉर्मॅलिन संपलं होतं." आईने पुन्हा ती दुर्बिणीची नळी गिळली. या वेळी बाटली हातात येताच मी नर्ससमोरच उघडून हुंगली. "आमच्यावर विश्वास नाही का?" ती फणकारली. घसा बधिर असलेली आई कशीबशी म्हणाली, "नाही."