दादांची सही

मॅट्रिकला मी गणितात गचकले. बावीस मार्क. बाकी सगळ्या विषयांत चांगली पास, इंग्रजीत सुद्धा सत्तेचाळीस, पण गुणपत्रिकेवर शेवटी एकच शब्द आला, नापास. पैठणच्या पलीकडं आमच्या गावात नापास झालेल्या पोरीचं पुढं काय होतं, ते कुणी सांगायची गरज नव्हती. दोन ठिकाणची माणसं मला बघायला येऊन गेलेलीच होती.

तारलं आत्यानं. शाळेसाठी मी तिच्याकडंच राहायचे, शहरात, छावणीत. ती दवाखान्यात नर्स होती, विधवा, आणि साऱ्या खानदानात आमच्या वडिलांना तोंडावर बोलणारी ती एकटीच. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. "ऑक्टोबरला गणित काढंल पोरगी," ती त्यांना म्हणाली. "जानेवारीत नर्सिंगला घेतात. मी शब्द टाकून ठेवलाय." दादांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "एक डाव देतो. एकच. मंग माझ्या आड कुणी यायचं नाय."

दादांनी मला जन्मात कधी बोट लावलं नाही. मारलं असतं तर बरं, असं मला कितीदा वाटायचं. त्यांना राग आला की ते बोलायचे बंद व्हायचे, आणि ते बंद झाले की घरात भांडं सुद्धा जपून ठेवावं लागायचं. एकदा आई महिनाभर त्या गप्प बसण्यात जगली होती. कारण एवढंच की पाहुण्यांसमोर तिनं त्यांची एक चूक दुरुस्त केली होती.

ऑक्टोबरचा फॉर्म भरायला दादा स्वतः आले. शाळेच्या खिडकीवर ही गर्दी, सगळी नापासांची. मला त्यांनी कडुलिंबाखाली उभं केलं आणि रांगेत गेले. अर्ध्या तासानं आले आणि म्हणाले, "झालं काम. तो कारकून म्हणत व्हता, सूट पाहिजे का? म्हटलं, आपल्याला नाय लागत कुणाची सूट." मी मान हलवली. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर गावात सरकारी ज्वारी वाटली, तेव्हा घरात दाणा नसतानाही आजोबा रांगेत गेले नव्हते, ही गोष्ट दादा दर सणाला सांगायचे. त्यामुळं मला त्यांचं बोलणं नेहमीचंच वाटलं.

तीन महिने मी गणिताशिवाय कशाला हात लावला नाही. इंग्रजीचं पुस्तक तर शेजारच्या पोरीला देऊन टाकलं होतं. पेपरला बारा दिवस राहिले तेव्हा हॉल तिकीट आणायला शाळेत गेले. बघते तर त्यावर सगळे विषय. मराठी, हिंदी, इंग्रजी, झाडून सगळे. मी कारकुनाला म्हटलं, काहीतरी चुकलंय. त्यानं जुने फॉर्म काढले आणि माझा समोर धरला. पास झालेल्या विषयांतून सूट हवी का, त्यापुढं लिहिलं होतं 'नको'. खाली दादांची सही, आडवी, जोरकस.

सूट म्हणजे मेहेरबानीचे मार्क, असं दादा समजले होते. पास झालेले विषय परत द्यायचे नाहीत, ही तर माझी स्वतःची कमाई होती.

कारकून माणूस चांगला होता. म्हणाला, "रडू नको, बाई. बोर्डाचं ऑफिस इथं शहरातच आहे. वडिलांची सही घेऊन अर्ज आण, चार दिवसांत. मी स्वतः नेऊन देतो." चार दिवस. पैठणची एसटी धरली असती तर संध्याकाळपर्यंत मी दादांसमोर उभी असते.

पण उभी राहून म्हणायचं काय? दादा, तुमचं चुकलं? रांगेत शंभर माणसांसमोर तुम्ही छाती काढून जे बोललात ते अडाणीपणाचं होतं? आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी एसटी स्टँडवर जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी आत्याला सांगायचं ठरवलं, पण आत्या म्हणजे लगेच दादांशी भांडण, आणि भांडणात दादा म्हणणार, चल गावाला. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. चौथ्या दिवशी मी पांघरुणात पडून उन्हाकडं बघत राहिले. शाळेची घंटा होऊन गेली असेल तेव्हा मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. इतकी मी भित्री होते.

उरलेल्या दिवसांत काय वाचलं ते देवाला माहीत. शेजारच्या पोरीकडून पुस्तक परत आणलं. दूध उतू गेलं तरी मला कळायचं नाही. आत्या हसून म्हणायची, "अगं, नापास झालं म्हणून हर्सूलला नेत नाहीत कुणाला." जेलची ती मस्करी मला झोपेत ऐकू यायची. रोज सकाळी मी पेपरला निघायचे. आत्याला वाटायचं, गणिताचे दोन पेपर असतात, उजळणी असते, काहीतरी असेल. मीही काहीतरी असेल असंच सांगितलं.

निकाल लागला. गणितात एकावन्न. इंग्रजीत एकतीस. नापास.

दादा निकालाच्या दिवशी आत्याकडं येऊन बसलेले होते. गुणपत्रिका त्यांनी हातात घेतली, गणितावर बोट ठेवलं आणि पहिल्यांदा खुशीत मान हलवली. मग बोट खाली आलं. "इंग्रजी तर निघालं व्हतं की आपलं?"

आत्याही बघायला लागली. मग मी सगळं सांगितलं. भिंतीकडं तोंड करून सांगितलं. फॉर्म, सूट, कारकून, चार दिवस. त्यांच्याकडं बघायची छाती नव्हती. आत्या मध्ये बोलायला गेली, तर दादांनी हात वर केला.

"सहीच पाहिजे व्हती फक्त?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मंग आली का नाय?"

"तुम्हाला भ्याले."

दादा बोलायचे बंद झाले. मला वाटलं, संपलं. जानेवारीतलं नर्सिंग गेलंच होतं, आता सगळंच गेलं. ते उठले, टोपी घातली आणि न जेवता स्टँडवर गेले. पुढचे कितीतरी दिवस दारात पोस्टमन दिसला की मी आतल्या खोलीत पळायचे. लग्नाची तारीखच येणार, याची मला खात्री होती.

पत्र आलं नाही. मार्चचे फॉर्म सुटले त्या सकाळी दादाच दारात उभे. "चल," एवढंच म्हणाले. या वेळी मला लिंबाखाली ठेवलं नाही, सोबत रांगेत घेतलं. कारकुनानं मान खाली घालूनच विचारलं, "सूट?" दादा म्हणाले, "पाहिजे. सगळ्याची पाहिजे." आवाज मोठा होता, पण सही करायच्या आधी त्यांनी कारकुनाला दोनदा विचारलं, हीच जागा ना. दादांना कुणाला असं विचारताना मी कधी बघितलं नव्हतं.

इंग्रजीच्या पेपराला तीन तास ते केंद्राच्या फाटकाबाहेर बसून होते. मी बाहेर आले तेव्हा पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलंच नाही.

"भ्यालीस का?" म्हणाले.

नाही म्हणायची मला सवय होती. तोंडापर्यंत आलंही होतं.

"लई भ्याले," मी म्हटलं.

"मला पण भ्या वाटलं," दादा म्हणाले. "सांगत जाय मला." मग माझ्या हातातलं पॅड त्यांनी स्वतःकडं घेतलं आणि आम्ही छावणीकडं चालायला लागलो.