पुढच्या सीटवर सर

ग्लायडर उडवायला मी दोन माणसांकडून शिकले. शनिवारी सर असायचे आणि रविवारी मॅडम.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं यंत्र असतं, ते केबल गुंडाळत त्याला पतंगासारखं वर ओढतं. वर पोचलं की केबल सोडायची आणि वाऱ्यावर तरंगत, वळणं घेत पुन्हा त्याच मैदानावर उतरायचं. शिकणारा पुढच्या सीटवर बसतो आणि शिकवणारा त्याच्या मागे. दोघांसमोर एकेक काठी आणि दोघांच्या पायाशी शेपटीचा रडर फिरवणारी सारखीच पेडलं. मागच्या माणसाला पुढच्याचा चेहरा दिसत नाही, फक्त मान आणि कान दिसतात.

मी भिवंडीची. जवळच्याच पूर्णा गावातल्या एका गोदामात मालाचं डिस्पॅच सांभाळते. आठवडाभर कंटेनर, बारकोड आणि ड्रायव्हरांशी हिंदीत हुज्जत. सुट्टी शनिवार-रविवार मिळावी म्हणून इतर दिवशी कुणी सांगेल ती शिफ्ट करते. पुण्याजवळच्या मैदानावर पहिल्यांदा गेले ती ऑफिसच्या सहलीतून, गंमत म्हणून. बाकीचे फोटो काढून परतले, मी तिथल्या टेबलावर प्रवेशाची चौकशी करत बसले.

सर बुटके, उन्हाने रापलेले, डोक्यावर कायम कापडी टोपी. उडताना ते चूक झाली तरच बोलायचे. "रडर!" किंवा "स्पीड!" पुष्कळच चुकलं तर, "पाय मेले का?" मागून तो आवाज आला की माझे खांदे कानापर्यंत चढायचे. शनिवारी सकाळी मैदानाजवळच्या टपरीवर सगळे पोहे खायचे, मी नुसता चहा घ्यायची. सर गप्प असले म्हणजे आपलं बरोबर चाललंय, एवढाच दिलासा.

मॅडमचं सगळं उलट. त्या वर गेल्यापासून खाली येईपर्यंत बोलत राहायच्या. "छान. बघ, किती छान वळलीस. आता डावीकडे बघ, घार आलीय." त्यांच्यासोबतच मी पहिल्यांदा घारीच्या बरोबरीने गोल गोल वर चढले. पण मी ग्लायडर धाडकन आपटलं तरी मॅडम म्हणायच्या, "चालतं गं, होतं असं." मग पुढच्या शनिवारी सर विचारायचे, "हे असं उतरायला कुणी शिकवलं?" सरांकडे शिकलेलं रविवारी आठवायचं आणि मॅडमकडे आवडलेलं शनिवारी विसरायचं, असं माझं कितीतरी महिने चाललं होतं.

तरी शिकले. एकटीने उडाले, परवाना मिळाला, पुढे बरीच उड्डाणं झाली. मग एक दिवस मॅडमनीच विषय काढला. "आम्ही दोघंच किती दिवस पुरणार? तू शिकवायला लाग."

शिकवण्याचा परवाना वेगळा असतो. त्यात मागच्या सीटवरून उडवायचं आणि उडवता उडवता पुढच्याला सगळं समजावून सांगायचं. हात काम करतायत, डोळे आभाळात आहेत आणि तोंडाने सोप्या भाषेत धडा चाललाय. मला यातलं तिसरंच जमेना. म्हणून मी घरी सराव सुरू केला. गच्चीवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या आणि पुढच्या खुर्चीत आईला बसवलं. तिच्या हातात लाटणं दिलं. शेजारच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमचा खडखडाट चालूच होता, त्यामुळे आवाज चढवूनच बोलावं लागायचं.

आई अंबाडीकडच्या गावातली. ती लाटणं दोन्ही हातांनी घट्ट धरून ताठ बसली.

"हे बघ, काठी उजवीकडे केली की उजवा पंख खाली जातो. त्याच वेळी उजवा पाय दाबायचा, म्हणजे नाक भरकटत नाही. नजर मात्र क्षितिजावर. काचेवर लोकरीचा दोरा चिकटवलेला असतो, तो सरळ राहिला पाहिजे, आणि वेग..."

"थांब गं बाय," आई म्हणाली. "तू बोलतेस का मी बघू? दोन्ही एकदम होत न्हाय."

मी हसले, पण रात्री वहीतला धडा अर्ध्यावर आणला.

परीक्षेची पद्धत मजेशीर असते. परीक्षक पुढच्या सीटवर बसतो आणि विद्यार्थ्याचं सोंग घेतो. नवशिका जशा चुका करतो तशा मुद्दाम करतो. आपण त्याला शिकवायचं, सांभाळायचं, आणि वेळ आली तर ग्लायडर त्याच्याकडून काढून घ्यायचं. माझी परीक्षा दोघंही घेणार होते. पहिलं उड्डाण मॅडमबरोबर आणि दुसरं सरांबरोबर.

मॅडमनी सोंग घेतलं अतिआत्मविश्वासाच्या पोराचं. वर जाताच गाणं गुणगुणायला लागल्या. मी "जरा हळू वळूया" म्हटलं, तर म्हणाल्या, "टेन्शन नाय, मॅडम, आपण बघतो ना." मला हसू येत होतं. मी गोड बोलत राहिले, त्या ग्लायडर मैदानापासून लांब नेत राहिल्या. शेवटी मैदानावर पोचलो, पण उंची इतकी कमी उरली होती की कडेच्या बाभळी जरा जास्तच मोठ्या दिसल्या.

खाली उतरल्यावर मॅडमनी पट्टे सोडले आणि मागे वळून म्हणाल्या, "तू मला थांबवायला हवं होतंस."

"हो मॅडम."

"मी तुझ्या जागी असते तरी कदाचित थांबवलं नसतं. म्हणून तर सांगतेय."

त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. मी मनात पक्कं केलं, सरांसमोर असं होऊ द्यायचं नाही.

सर येऊन पुढच्या सीटवर बसले. टोपी तीच, पण पहिल्यांदाच मला ती मागून दिसत होती. मी सूचना दिल्या. सर बारीक आवाजात म्हणाले, "हो मॅडम." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. त्यांनी सोंग घेतलं होतं घाबरलेल्या विद्यार्थ्याचं.

वर गेलो, केबल सोडली, आणि मी काठी त्यांच्या हाती दिली. "डावीकडे वळा." सरांनी काठी कलवली आणि पाय तसेच ठेवले. काचेवरचा दोरा तिरका झाला. "पाय वापरा." "हो मॅडम." पाय हलले नाहीत. नजर वेगाच्या काट्यावर खिळलेली, खांदे कानापर्यंत चढलेले. पुन्हा सांगितलं, पुन्हा "हो मॅडम," दोरा पुन्हा तिरका. मॅडमबरोबरची चूक टाळायची म्हणून माझ्या तोंडून जे निघालं ते मला आजही ऐकू येतं.

"रडर! पाय मेले का?"

शब्द त्यांचेच होते, सूरही त्यांचाच. सर एकदम थिजले. काठी पोटाशी घट्ट ओढली गेली, नाक वर आलं, वाऱ्याचा आवाज मंदावला. मी माझ्या काठीने हलकेच नाक खाली आणलं. त्यांच्या मानेवरची एक शीर ताठ झालेली दिसत होती. मला वाटलं, किती हुबेहूब करतायत. ही मान माझीच होती, कितीतरी शनिवारची.

आणि मला कळलं की या माणसाला आता माझं काहीच ऐकू येत नाहीये.

"हात सोडा," मी म्हटलं. "मांडीवर ठेवा. मी धरलंय."

त्यांनी हात सोडले. ग्लायडर सरळ तरंगत राहिलं.

"बाहेर बघा. समोर काय दिसतंय?"

"टेकडी."

"टेकडीवर?"

"देऊळ आहे, मॅडम."

"आपलं नाक त्या देवळाच्या जरा खाली आहे. तेवढंच तिथे ठेवायचं. बाकी काही करू नका. काठी दोन बोटांनी धरा."

दोन बोटं काठीवर आली. नाक तिथेच राहिलं. खांदे खाली उतरले. मग मी म्हटलं, आता त्याच बोटांनी डावीकडे, आणि पायही सोबत जाऊ दे. दोरा जरा डगमगला आणि सरळ झाला. मी "छान" म्हटलं, एकदाच.

पण परीक्षा संपली नव्हती. उतरताना, मैदानाकडे वळायच्या शेवटच्या वळणावर, सरांनी पुन्हा काठी ओढायला सुरुवात केली. ही जागा वाईट असते. उंची कमी आणि वेगही कमी, तिथे ग्लायडर कोसळलं तर सावरायला आभाळच उरत नाही. "नाक खाली," मी शांतपणे म्हटलं. नाक वरच. "नाक खाली." काही नाही.

"आय हॅव कंट्रोल!"

ग्लायडर आपल्या हाती घेतल्याची ही ठरलेली हाक मी ओरडले, जोरात. सरांचे हात त्याच क्षणी सुटले. मी नाक खाली घातलं, वेग आला, वळण पुरं केलं आणि मैदानावर उतरले. चाक टेकलं, ग्लायडर घसरत गेलं, थांबलं आणि एक पंख गवतावर अलगद टेकला.

मी काच उघडली.

"ओरडलात," सर पुढे बघतच म्हणाले.

"हो सर. दोनदा."

"दुसऱ्यांदा ओरडलात ते बरोबर. तिथे ओरडायलाच हवं. पहिल्यांदा..." ते थांबले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिथपर्यंत मी नाटक करत होतो. तुम्ही ओरडलात आणि मला खरंच काही सुचेना. वर्षानुवर्षं उडवतोय, पण पाय कुठला दाबायचा ते आठवेना."

मी विचारलं, "सर, घाबरलेला माणूस इतका बरोबर कसा केलात?"

"माझ्यापुढे बसलेली माणसं बघतोच ना. मानेवरून कळतं."

"कळायचं तुम्हाला?"

"कळायचं. पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. मला शिकवणाऱ्याने असंच शिकवलं होतं." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला, ग्लायडर ढकला. धावपट्टी अडवून बसलोय आपण."

मी एका पंखाला धरून ढकलत होते, दुसऱ्या बाजूला सर होते. इतकं हलकं मला त्या मैदानावर कधी वाटलं नव्हतं. पास झाले की नाही हेही मी विचारलं नव्हतं. ते मॅडमनी लांबूनच अंगठा दाखवून सांगितलं.

परत येताना भिवंडीजवळ माणकोलीला गाड्यांची रांग लागली होती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. एरवी माझा जीव नुसता वैतागतो. त्या दिवशी मी काच खाली करून गरम वडापाव घेतला, मग आणखी एक घेतला. घरी पोचले तर आई दारातच.

"झालं का?"

"झालं, पास."

"मग आता ते सर कमी ओरडतील का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

खरंच माहीत नव्हतं. सर अजून ओरडतात. मागच्याच शनिवारी त्यांचा "स्पीड!" मला खाली मैदानावर ऐकू आल्यासारखा वाटला. पण उतरल्यावर त्यांच्या पुढच्या सीटवरची मुलगी हसत बाहेर आली. तिने टपरीवर पोहे मागवले, वर लिंबू जास्त पिळून घेतलं.

माझी पहिली विद्यार्थिनी दोन रविवारांपूर्वी आली. पंचेचाळिशीची, शाळेत शिक्षिका. बांधलेले पट्टे तिने दोनदा तपासले. मी म्हटलं, "घाईने काही करायचं नाही. वर गेलं की आधी नुसतं बघू." ती "बरं" म्हणाली. रविवार असूनही पंख धरायला सर आले होते. त्यांनी पंख उचलून सरळ केला, केबल ताणली गेली आणि आम्ही निघालो.